कुकडीकांठची पांढरी राख

जुन्नरचें नांव निघालें कीं कोणाला शिवनेरी आठवतो, कोणाला लेणीं, कोणाला नाणेघाटांतील सातवाहनांचा शिलालेख. आज मला ज्या लेखाविषयीं बोलावयाचें आहे तो कोणीं कोरलेला नाहीं व त्याला अक्षरेंही नाहींत. जुन्नर तालुक्यांत कुकडीच्या कांठीं बोरी म्हणून गांव आहे. तेथें नदीच्या दरडींत, गाळाच्या थरांमध्यें, पांढुरक्या राखेचा एक पट्टा दिसतो. चिमूटभर घेऊन बोटांनीं चोळली, तर चुलींतल्या राखेप्रमाणें ती मऊ लागत नाहीं, करकरते. लांकडाची राख ती नव्हेच. ज्वालामुखीनें आकाशांत उडविलेल्या कांचेचा तो चुरा आहे.

जुन्नर-आंबेगांवच्या माणसाला यांत नवल कसलें, असें कोणी म्हणेल. शिवनेरीचा कडा काय, आहुप्याचा घाटमाथा काय, सारा मुलूखच लाव्ह्याचा! परंतु तो लाव्हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. त्याचा खडक काळा, आणि त्यांत सिलिकेचें प्रमाण कमी. बोरीची कांच सिलिकेनें भरलेली. ती आपल्या घरची नव्हे. तिचें घर सुमात्रा बेटावर, बोरीपासून सुमारें सव्वातीन हजार किलोमीटर दूर. तेथें तोबा नांवाचें १०० किलोमीटर लांब व ३० किलोमीटर रुंद सरोवर आहे; तें म्हणजे त्या ज्वालामुखीचें खचलेलें तोंड. सुमारें ७४ हजार वर्षांपूर्वीं तेथें जो स्फोट झाला, त्याच्यापुढें १८८३ सालचा क्राकाटोआ म्हणजे दिवाळींतला फटाका. वाऱ्यानें ती पूड भारतभर आणली. पुढें पावसानें ती उतारांवरून धुऊन नदीकांठीं जमविली, म्हणूनच बोरीचा थर एवढा जाड दिसतो.

सुमात्राच्याच कडेला असा ज्वालामुखी कां? हिंदी महासागराचा तळ वर्षाला पांच-सहा सेंटिमीटर सरकत त्या कडेखालीं घुसतो आहे. आपलीं नखें वाढतात त्याहून थोड्या अधिक वेगानें म्हणा. तळावरचा कांहीं गाळ कडेशीं खरवडला जाऊन तेथेंच ढिगानें साचतो. उरलेला खालीं ओढला जातो. खोल गेल्यावर त्या गाळांतलें व तळखडकांतलें पाणी सुटतें, आणि पाण्याचा शिरकाव झाला कीं वरचा तप्त खडक एरवींपेक्षां कमी उष्णतेंत वितळूं लागतो. तो रस वर चढतो, साचतो, आणि केव्हां तरी फुटतो. २६ डिसेंबर २००४ रोजीं हीच कड एका हिसक्यानें सरकली, तेव्हां आपल्या पूर्व किनाऱ्यावर त्सुनामीनें केवढा अनर्थ केला, तें आपणांस स्मरत असेल. या कडेला लागलेला गाळ मुख्यतः गंगा-ब्रह्मपुत्रेनें हिमालयांतून आणलेला. आपली कुकडीही घोडेंत, घोड भीमेंत, भीमा कृष्णेंत मिळून त्याच उपसागराला जाते. तिची माती सुमात्रापर्यंत पोंचते असा माझा दावा नाहीं. अलीकडे तर बरीचशी येडगांव येथील धरणांतच अडकते.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. १९९० च्या सुमारास मीं वर्गांत फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलें होतें, "बोरीचा मानव: १४ लक्ष वर्षें." त्याला आधार होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना बोरीस राखेच्या सान्निध्यांत आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी सांपडल्या होत्या, आणि पोटॅशियम-आर्गॉनच्या रीतीनें राखेचें वय तेवढें निघालें होतें. मुलांच्या चेहऱ्यांवर जो अभिमान दिसला, तो मला अजून आठवतो. पुढें १९९५ सालीं शीला मिश्र, शरद राजगुरु प्रभृतींनीं सुधारित रीतीनें ६ लक्ष ७० हजार हा आंकडा दिला. आणि त्याच वर्षीं दुसऱ्या एका निबंधानें कांचेच्या रासायनिक घडणीवरून सांगितलें कीं ही राख तोबाच्या शेवटच्या स्फोटाची, म्हणजे जेमतेम पाऊण लक्ष वर्षांची. बोरीच्या पहिल्या अभ्यासकांपैकीं रवि कोरिसेट्टर या दुसऱ्या निबंधाचे सहलेखक होते. आपलाच पहिला आंकडा मोडावयास विद्वानानें हातभार लावावा, हें मला फार मोठें वाटतें.

एवढी तफावत पडली कशी? नदीनें राख वाहून आणतांना तींत आपल्या काळ्या खडकाचे कण मिसळले, हें उत्तर पुष्कळांना पटतें. हिशेब करून पाहा. पोटॅशियम दोहोंत सारखें धरलें, तर शंभरांत एकच कण साडेसहा कोटि वर्षांचा मिसळला तरी सरासरी वय साडेसहा लक्षांनीं फुगतें!

नदीचा गाळ असा घोटाळे करतो. खोल समुद्राचा गाळ मात्र हजार वर्षांत सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, शांतपणें, एकावर एक बसत जातो. १९८८ सालीं नव्वद पूर्व रेखांशावरील समुद्राखालच्या डोंगररांगेवर जहाजांतून भोंक पाडून गाळाचा स्तंभ वर काढला, तेव्हां त्यांत तोबाच्या निरनिराळ्या काळच्या राखा ओळीनें मिळाल्या. सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून हिमयुगांचा क्रम लावतां येतो, म्हणून प्रत्येक राखेची जागाही ठरते. तोबाच्या जुन्या स्फोटांची कांच शेवटच्या स्फोटाच्या कांचेहून वेगळी ओळखूं येते; बोरीची कांच शेवटचीशीं जुळते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनींही मध्य हिंदी महासागराच्या गाळांत हीच कांच नोंदविली आहे. १९९८ सालीं दक्षिण भारतांतील इतर ठिकाणच्या राखांचीही तपासणी होऊन त्या सर्व त्याच स्फोटाच्या ठरल्या. कांहीं अभ्यासकांना हातकुऱ्हाडींमुळें अजून शंका वाटते, आणि ती अगदींच निराधार नाहीं. कारण हातकुऱ्हाडींची ही परंपरा फार जुनी. तामिळनाडूंतील अत्तिरंपक्कम येथें ती सुमारें १५ लक्ष वर्षांपर्यंत मागें जाते.

मध्यंतरीं नारायणगांवच्या बाजारांत एक जुना विद्यार्थी भेटला. आतां तोही पन्नाशीच्या घरांत आला आहे. म्हणाला, "गुरुजी, चौदा लाख शिकवलंत, माझी पोरगी चौऱ्याहत्तर हजार म्हणते. खरं कोणाचं?" मीं म्हटलें, "राखेपुरतं तुझ्या पोरीचं. हत्यारं राखेखालच्या थरांत मुळापासूनच असतील, तर तीं तिच्या आधींचीं. पण किती आधींचीं, हें ती राख सांगत नाहीं." त्यानें टोमॅटोचें क्रेट खालीं ठेवलें आणि विचारलें, "मग तें कोण सांगतं?" मीं त्याला दुसऱ्या दिवशीं बोरीला यावयास सांगितलें, आणि राखेच्या खालचे खडे दाखविले.