जियाकोमेत्तीची माणसं इतकी बारीक का? आणि ती पाहायला खिडकी का हवी?

उंच काचेची खिडकी, बाहेर तळं आणि झाडं. खिडकीपुढे लांब ढांग टाकत निघालेला काडीसारखा माणूस. हा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. तो आहे डेन्मार्कमधल्या लुइझियाना या आधुनिक कलेच्या संग्रहालयातला. कोपनहेगनपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, हुमलबेक गावात १९५८ मध्ये ते सुरू झालं.

हा माणूस कोण?

‘चालणारा माणूस’ हे १९६० चं ब्राँझ शिल्प, उंची साधारण सहा फूट. शिल्पकार अल्बेर्तो जियाकोमेत्ती (१९०१-१९६६) जन्माने स्विस, पण त्याने आयुष्याचा बराचसा काळ काम केलं ते पॅरिसमधल्या एका छोट्याशा स्टुडिओत. या शिल्पाची एक प्रत २०१० मध्ये लंडनच्या लिलावात साडेसहा कोटी पौंडांना विकली गेली.

इतका बारीक का?

महायुद्धानंतर ही शिल्पं पाहून अनेकांना छळछावण्यांतली माणसं आठवली. जियाकोमेत्तीचा स्वतःचा प्रश्न मात्र नजरेचा होता: समोरचा माणूस आपल्याला खरोखर कसा दिसतो? रस्त्यापलीकडच्या माणसाचे डोळे-नाक आपल्याला नीट दिसत नाहीत. दिसते ती एक उभी आकृती आणि भोवतीची रिकामी जागा. हे अंतर पकडताना त्याच्या मूर्ती लहान होत गेल्या. युद्धकाळात तर त्या काडेपेटीत मावतील एवढ्या झाल्या. पुढे त्याने उंची कमी होऊ द्यायची नाही असं ठरवलं, तेव्हा त्या बारीक होत गेल्या.

खोलीने काय साधलं?

योर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट या वास्तुविशारदांनी आखलेलं हे दालन दुमजली उंचीचं आहे. वरून पाहिलं तर शिल्प लांबवरच्या वाटसरूसारखं दिसतं. खाली उतरून जवळ गेलं की बोटांनी दाबलेला, खडबडीत पृष्ठभाग दिसतो आणि माणूस जणू विरघळतो. खिडकीतला उजेड ऋतूप्रमाणे बदलतो, आणि त्याबरोबर शिल्पही.

मग पाहायचं कसं?

आधी लांबून, मग हळूहळू जवळ जाऊन, आणि पुन्हा मागे येऊन. फोटोत अंतर एकदाच ठरतं आणि तिथेच थांबतं. इथे ते तुमच्या पावलांनी बदलतं. म्हणून फोन थोडा वेळ खिशात ठेवा. तो माणूस जागचा हलत नाही. चालायचं आपण असतं.