‘एस.’ म्हणजे शेख : मराठी पडद्यावरचा मुसलमान शेजारी

‘संत तुकाराम’ हा चित्रपट कोणी केला, असे विचारले तर बहुतेक मराठी माणसे ‘प्रभात’चे नाव घेतात. थोडे जाणकार असतील तर ‘दामले-फत्तेलाल’ म्हणतात. पण श्रेयनामावलीतल्या ‘एस. फत्तेलाल’ या नावातला ‘एस.’ कशाचा, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. हा ‘एस.’ शेख या शब्दाचा आहे. वारकरी संप्रदायावरचा आजवरचा सर्वांत गाजलेला चित्रपट ज्या दोन दिग्दर्शकांनी केला, त्यातले एक शेख फत्तेलाल होते. प्रभातमधली माणसे त्यांना ‘साहेबमामा’ म्हणत.

आज हे सांगण्याचे कारण आहे. गेल्या सात-आठ वर्षांत ऐतिहासिक चित्रपटांची लाट आली आहे. सिनेमा पाहून बाहेर पडणारा माणूस इतिहास कळल्याच्या खात्रीने बाहेर पडतो आणि त्या खात्रीचा हिशेब शेजारच्या मुसलमानाकडे मागितला जातो. मी समीक्षक नाही. चामोर्शीसारख्या गावात राहून, जिथे जे पाहायला मिळेल ते पाहणारा साधा रसिक आहे. पण जुने आणि नवे चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात. त्या नोंदवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

कोल्हापूर ते पुणे

फत्तेलाल कोल्हापूरच्या मातीत घडले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्यांनी आणि विष्णुपंत दामले यांनी उमेदवारी केली. चित्रकला, नेपथ्य, कॅमेरा अशी सगळी कामे हाताने शिकलेली ही पिढी. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती जागा प्रभातचीच. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटांतले भव्य महाल, देवळे, दरबार फत्तेलाल यांच्या कलादिग्दर्शनातून उभे राहिले.

१९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ आला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा आणि गौरी यांची जिजाई आजही पाहताना जुनी वाटत नाही. मला स्वतःला तुकोबांपेक्षा जिजाई जास्त आवडते. नवरा विठ्ठलात रमलेला, पोरे उपाशी, आणि ही बाई देवाला खडसावते. चित्रपट तिची टिंगल करत नाही, तिच्या भुकेची बाजूही मांडतो. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारले, इतका तो त्या परंपरेत मुरलेला आहे. पुढे दामले-फत्तेलाल या जोडीने ‘गोपालकृष्ण’ (१९३८) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) केले.

एका मुसलमानाने हे केले, यात त्या काळच्या कुणाला फार नवल वाटल्याचे दिसत नाही. वाटायचे कारणही नव्हते. श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला, तेव्हाच ही वाट पडलेली होती. फत्तेलाल त्या वाटेवरून चालले. त्यांच्या हातात लेखणीऐवजी कॅमेरा आणि रंगाचा कुंचला होता, एवढाच फरक.

१९४१ चा ‘शेजारी’

प्रभातचा दुसरा चित्रपट जो प्रत्येक मराठी मुसलमानाने आणि त्याच्या शेजाऱ्याने पाहायला हवा, तो व्ही. शांताराम यांचा ‘शेजारी’ (१९४१). कथा विश्राम बेडेकर यांची. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एका खेड्यातले जिवलग म्हातारे. गावाजवळ धरण बांधायचे असते, कंपनीला जमीन हवी असते आणि या दोघांची मैत्री आडवी येते. मग मैत्रीत बिब्बा घातला जातो. दोघे दुरावतात. शेवटी धरण फुटते आणि दोघे एकमेकांच्या सोबतीने मरतात.

चित्रपट कोणत्या वर्षी आला ते लक्षात घ्या. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगने स्वतंत्र राष्ट्राचा ठराव केला होता. देशातले वातावरण तापत होते. अशा वेळी शांताराम यांनी पात्रयोजनेतूनच एक विधान केले. मराठी आवृत्तीत जिवबा केशवराव दाते झाले आणि मिर्झा गजानन जागीरदार. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारच राहिले, पण हिंदू ठाकूर झाले मजहर खान. म्हणजे हिंदी पडद्यावर हिंदू नटाने मुसलमान साकारला आणि मुसलमान नटाने हिंदू.

मला या चित्रपटात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. भांडण धर्मावरून सुरू होत नाही. ते जमिनीवरून सुरू होते. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वैनगंगेवरचा चिचडोह बॅरेज आमच्याच तालुक्यात आहे, कोनसरीचा पोलाद कारखानाही आमच्याच तालुक्यात. जमीन, पाणी, नोकरी हे इथले खरे विषय. इथे मराठीची झाडीबोली बोलणारे आहेत, गोंडी बोलणारे आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आलेले आणि इथेच वसलेले बंगाली आहेत. मुसलमान त्यातलाच एक, घरात हिंदी-उर्दूची खिचडी आणि बाजारात झाडीबोली बोलणारा. या सगळ्यांना एकमेकांची गरज रोज पडते. ‘शेजारी’ ही गरज ओळखतो, म्हणून ऐंशी वर्षांनंतरही तो खरा वाटतो.

हिंदीतला नवाब

हिंदी सिनेमाने मुसलमान पुष्कळ दाखवला, पण तो आमचा नव्हता. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीजा’ (१९७२) हे चित्रपट मला आवडतात. गाणी तर पाठ आहेत. पण त्यातले झुंबर, शेरवानी आणि लखनवी अदब आमच्या कुणाच्या घरात नव्हती. विदर्भातला मुसलमान शेतमजूर, गवंडी, पंक्चरवाला, भाजीवाला, फार तर शाळामास्तर. ‘गर्म हवा’ने (१९७३) आग्र्याच्या जोडे बनवणाऱ्या कुटुंबाची फाळणीनंतरची घुसमट दाखवली, तेव्हा पहिल्यांदा हाडामांसाचा माणूस दिसला. सईद मिर्झा यांच्या ‘सलीम लंगडे पे मत रो’ने (१९८९) मुंबईतला गरीब मुसलमान तरुण दाखवला. असे चित्रपट बोटावर मोजण्याइतके. पुढे नवाबाची जागा माफियाने घेतली, माफियाची अतिरेक्याने आणि आता अतिरेक्याच्या जोडीला सुलतान आला आहे.

इथे आपण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ ५ ऑगस्ट १९६० ला मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये लागला. त्यात जोधाबाई झाल्या त्या आपल्या दुर्गा खोटे. अकबराच्या महालात जन्माष्टमी साजरी होते, ते दृश्य पाहून आपण सगळे सुखावतो. पण अनारकलीच्या कहाणीला समकालीन साधनांचा आधार नाही आणि अकबराच्या राणीचे ‘जोधा’ हे नावही त्या काळच्या ग्रंथांत सापडत नाही. तरी आपण टाळ्या वाजवल्या, कारण ती दंतकथा आपल्याला हवीशी होती. म्हणून आज केवळ ‘सिनेमा म्हणजे इतिहास नव्हे’ असे म्हणून सुटता येणार नाही. हे वाक्य खरे असेल तर ते दोन्हीकडे लागू आहे. प्रश्न दंतकथेचा नाही. त्या दंतकथेने आजच्या माणसाचे काय होते, हा आहे.

‘तान्हाजी’ आणि ‘छावा’

ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ जानेवारी २०२० मध्ये आला. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची. गडावरचा मोगलांचा किल्लेदार उदयभान राठोड हा राजपूत होता. म्हणजे या लढाईत दोन्हीकडचे सेनापती हिंदू होते. चित्रपट हे लपवत नाही, पण सैफ अली खान यांच्या उदयभानला जे रूप दिले आहे ते ‘पद्मावत’मधल्या (२०१८) खिलजीच्या घराण्यातले. तेच काळे कपडे, तेच रानटी हसू. नाव राजपूत, चेहरा सुलतानाचा. खुद्द सैफ यांनी नंतर एका मुलाखतीत चित्रपटात दाखवलेला तो इतिहास आपल्याला पटत नसल्याचे सांगितले. तोवर चित्रपटाने आपले काम केले होते.

‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शक, आधार शिवाजी सावंत यांच्या कादंबरीचा. विकी कौशल यांचे काम दमदार आहे. अक्षय खन्ना यांचा थकलेला, विणकाम करत बसणारा औरंगजेब मला अभिनय म्हणून आवडला. संभाजीराजांची १६८९ मधली हत्या हा इतिहास आहे आणि ती अमानुष होती. ती दाखवू नये, असे मी म्हणणार नाही. औरंगजेबाचा वकील होण्याची मला गरज नाही. चामोर्शीतल्या मुसलमानाचे त्याच्याशी नाते काय? आमच्या पूर्वजांच्या अंगावर त्याची झूल नव्हती, ते इथल्याच मातीतले कष्टकरी होते.

औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता. ‘छावा’त तो आहे, याचे श्रेय द्यायला हवे. पण त्याच्या येण्याचा अर्थ चित्रपट उलगडत नाही. मोगल शाहजाद्याला मराठ्यांचा राजा आश्रय देतो, त्याच्यासोबत दुर्गादास राठोड हा राजपूत असतो, हा प्रसंग सांगतो की ते युद्ध सत्तेचे होते. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, पन्हाळ्याच्या वेढ्यावर सिद्दी हिलाल मराठ्यांच्या बाजूने चालून गेला, महाराजांच्या पदरी काझी हैदर होता. एवढी माणसे पडद्यावर आली, तर थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या पोराच्या मनातले चित्र बदलेल.

चित्रपट निर्माते ऐकत नाहीत असेही नाही. संभाजीराजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला, ते दृश्य काढले गेले. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना गद्दार दाखवले म्हणून शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, उतेकर यांनी त्यांची माफी मागितली. ते योग्यच झाले. पण यावरून एवढे दिसते की ज्याचा आवाज पोचतो, त्याच्या भावनेची दखल घेतली जाते. १७ मार्च २०२५ ला नागपुरात हिंसा झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना प्रज्वलित झाल्या. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावरचा राग आजच्या मोहल्ल्यांवर कसा उतरला, याचा विचार मात्र चित्रपटाइतका गाजला नाही.

साधी माणसे

अलीकडच्या मराठी सिनेमाकडे मी निराशेने पाहत नाही. मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’त (२००८) टिंग्याची मैत्रीण रशिदा शेजारच्या मुसलमान घरातली आहे. तिचे आजारपण आणि टिंग्याच्या बैलाचे दुखणे चित्रपट एकाच मायेने पाहतो. तिथे कुणी ‘ऐक्या’वर भाषण देत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) परश्याचा जीवाभावाचा दोस्त सल्या, म्हणजे सलीम, गावातल्या इतर पोरांसारखाच मराठी बोलतो, मार खातो, दोस्तासाठी पळतो. राजन खान यांच्या कथेवरचा शिवाजी लोटन पाटील यांचा ‘हलाल’ (२०१७) तलाकच्या प्रश्नाला हात घालतो. समाजातल्या दोषांवर बोलू नये असे माझे म्हणणे नाही, बोललेच पाहिजे. फक्त मराठी मुसलमान पडद्यावर ‘समस्या’ म्हणूनच येऊ नये, शेजारी म्हणूनही यावा.

२०२५ मध्येच अनंत महादेवन यांचा ‘फुले’ही आला. त्यात फातिमा शेख आहेत. त्याच वर्षी फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, असाही दावा करण्यात आला. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. आजारपणात माहेरी असलेल्या सावित्रीबाईंना काळजी आहे ती शाळेचा सगळा भार एकट्या फातिमावर पडल्याची. ‘छावा’ पाहिलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी ‘फुले’ पाहिला असता, तर चर्चा वेगळी झाली असती.

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडईच्या रात्री गावेच्या गावे जागतात. त्यात ऐतिहासिक नाटकेही असतात आणि खलनायकाला शिव्याही पडतात. पण सकाळी तोच खलनायक रंग पुसून टपरीवर चहा पितो आणि रात्री शिव्या देणारा माणूस त्याच्या चहाचे पैसे देतो. खेळ कुठे संपला, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. सिनेमा आणि मोबाईलच्या काळात ही जाण सुटत चालली आहे. ती पुन्हा शिकवावी लागेल, शाळेत आणि घरातही.

सुरुवात सोपी आहे. घरातल्या मुलांसोबत ‘संत तुकाराम’ पाहा. श्रेयनामावलीत फत्तेलाल यांचे नाव येईल तेव्हा क्षणभर थांबवा आणि त्यांना सांगा, हा ‘एस.’ म्हणजे शेख. मग ‘शेजारी’ लावा. तो शेजाऱ्यालाही बोलावून पाहिला तर आणखी चांगले.