दारं-खिडक्या बंद ठेवून केलेली तालीम

गायनवृंदाची तालीम म्हटलं की तुम्हाला सूर, ताल, पाठांतर आठवेल. अमेरिकेत नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात मात्र १८७१ मध्ये पेच वेगळाच होता. संस्था कर्जात बुडालेली. खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी विद्यार्थ्यांच्या गाण्यातून पैसा उभारायचं ठरवलं. बहुतेक गायक गुलामगिरीत जन्मलेले. ती कायद्याने संपून जेमतेम सहा वर्षं झालेली.

मंचासाठी घोटली जायची युरोपीय वळणाची गाणी. आईवडिलांची भक्तिगीतं ही मुलं दारं-खिडक्या बंद ठेवून, जमिनीवर बसून, हळू आवाजात एकमेकांकडून शिकायची. का? वृंदातल्या एला शेपर्ड यांनी पुढे लिहून ठेवलंय: ती गाणी आईवडिलांसाठी पवित्र होती, शिवाय त्यांना गुलामीच्या काळाची आठवण चिकटलेली होती. ती चारचौघांत म्हणायची कशी?

६ ऑक्टोबर १८७१ ला नऊ जण दौऱ्यावर निघाले. हळूहळू हीच गाणी मंचावर आली आणि श्रोत्यांनी उचलून धरली. दौऱ्यांच्या कमाईतून उभा राहिलेला ज्युबिली हॉल १८७६ मध्ये खुला झाला.

तेव्हा या वृंदाचा इतिहास वाचताना आधी त्या बंद खोलीकडे बघा. घरातलं कोणतं गाणं परक्यांपुढे न्यायचं, हा खरा अवघड प्रश्न तिथे सुटत होता.