चढावरचं ओझं कोणाचं? मालवाहू ई-सायकलीचा इतिहास रत्नागिरीतून वाचताना

"विषय फार छोटा आहे, यावर प्रबंध होईल का?" संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांच्या मनात हा प्रश्न असतोच. म्हणून आज मुद्दाम एक छोटा विषय घेऊ: मालवाहू ई-सायकल. पुढे-मागे माल ठेवायची मजबूत जागा, पायाला पॅडल आणि मदतीला बॅटरी-मोटर, एवढंच हे वाहन. याचा इतिहास तो काय असणार? शोधायला लागलो की हाती येतात तीन गोष्टी: चढ, कायदा आणि मालकी. एकेक करून बघू.

पुरावा पायाखाली असतो

सुरुवात रत्नागिरीपासून करू. मिरकरवाड्याचं बंदर आणि जुनी बाजारपेठ खाली, मारुती मंदिराचा भाग वर आणि रेल्वे स्टेशन कुवारबावला आणखी लांब. आजूबाजूची गावं तर सडा आणि खाडी यांच्या मधल्या उतारांवरच वसलेली. या गावांमधली पाखाडी आठवा. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ही वाट माणसाच्या पायांसाठी बांधलेली आहे, चाकासाठी नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाखाडी हा दस्तऐवजच आहे. या भागात ओझं कशावरून जायचं, हे ती सांगते.

मुंबईकडे जाणारा माल समुद्रमार्गे जायचा, घाटावर जाणारा बैलांच्या पाठीवरून. घर ते बंदर हा टप्पा मात्र डोक्यावरच्या पाटीने आणि खांद्यावरच्या कावडीने पार व्हायचा. १८८० चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर चाळलंत, तर वाहतुकीच्या वर्णनात बंदरं आणि घाट यांचंच वजन जास्त दिसतं. मासळीची पाटी बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर असायची. हे ओझं कुठल्या वाहनाच्या नोंदवहीत येत नाही, कारण वाहन म्हणजे तिचं शरीरच होतं.

आता पुण्या-मुंबईशी तुलना करा. तिथे दूधवाला, पाववाला, डबेवाला यांनी सायकल आणि हातगाडी आपलीशी केली. शेजारच्या गोव्यातही मोठी टोपली लावलेला पदेर सायकलवर भोंगा वाजवत फिरतो. म्हणजे सायकल मालवाहू होऊ शकते याबद्दल शंका नव्हती. भरलेली सायकल चढावर ढकलावी लागते आणि उतारावर आवरत नाही, ही अडचण होती.

थोडं गणित, घाबरू नका

"चढ अवघड असतो" हे सगळेच म्हणतात. संशोधनात "किती?" हे विचारायची सवय लावून घ्या. समजा चालवणारा ६० किलोचा, बॅटरीसकट सायकल ४० किलोची आणि माल ८० किलो. एकूण १८० किलो. ६० मीटर उंची चढायची तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण २९ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटर आणि तारांमधली गळती धरून ४५ म्हणू. ४८ व्होल्ट, १५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२० वॉट-तास असतात. म्हणजे कागदावर असे पंधरा-सोळा चढ निघतात. ऊर्जा पुरेशी आहे.

अडतं ते शक्तीपाशी, म्हणजे ही ऊर्जा किती वेगाने देता येते तिथे. चढ ८ टक्के असेल, तर १८० किलोला वर ओढायला चाकांचं घर्षण धरून साधारण १६० न्यूटन बल लागतं. २५० वॉटची मोटर एवढ्या बलावर ताशी जेमतेम ६ किलोमीटर वेग देते. पॅडल मारलं तर सात-साडेसात. भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा फार जास्त नाही. त्यातही मोटर चाकाच्या तुंब्यात बसवलेली आणि बिनगिअरची असेल, तर इतक्या कमी वेगात बरीचशी वीज उष्णतेत जाते आणि मोटर तापते.

हा २५० आकडा मी उगाच निवडलेला नाही. तो कायद्यातून आला आहे.

कायद्याने आखलेली दोन टोकं

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या दुचाकीच्या मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आहे, ती ठरलेल्या अटी पाळून "मोटार वाहन" धरली जात नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको. दुसऱ्या टोकाला, २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षा आणि ई-कार्ट आल्या: तीन चाकं, ४००० वॉटपर्यंत शक्ती, आणि नोंदणी-परवान्याची चौकट.

ही दुरुस्ती का आली? दिल्लीत ई-रिक्षा आधी रस्त्यावर आल्या, हजारो लोकांचं पोट त्यांवर चालू लागलं, आणि जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली. त्यानंतर कायदा बदलला. थोडक्यात, ही व्याख्या सपाट शहरातल्या प्रवासी रिक्षांच्या भांडणातून घडली. कोकणातल्या चढावर आंब्याच्या पेट्या किंवा मासळी नेणारी सायकल त्या चर्चेच्या मध्यभागी नव्हती. म्हणून रत्नागिरीत आजही निवड अशी उरते: बिनपरवान्याची पण चढावर दमणारी सायकल, नाहीतर नोंदणी लागणारं वाहन. तांत्रिक वाटणारा आकडा दिसला, की तो कुणाच्या रस्त्यावर ठरला हे विचारा. चांगले प्रश्न तिथूनच निघतात.

फलटणचं काम

आपल्याकडे या प्रश्नावर खूप आधी काम झालं होतं. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल-रिक्षाचा अभ्यास केला. २००२ साली 'करंट सायन्स' मध्ये त्यावर लेख आला. त्यांचं निदान साधं होतं. जुन्या सायकल-रिक्षाला गिअर नसल्याने थोड्याशा चढावरही चालक खाली उतरून गाडी ओढतो. ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, त्यामुळे उतारावर धोका. संस्थेने तीन उत्तरं तयार केली: सुधारित पॅडल-रिक्षा, पॅडलला मोटरची मदत देणारी रिक्षा, आणि पूर्ण बॅटरीवरची 'इलेक्सा'.

यातलं मधलं वाहन आपल्यासाठी महत्त्वाचं. माणूस आणि मोटर एकत्र काम करणार, हीच आजच्या मालवाहू ई-सायकलीची कल्पना. कल्पना तेव्हाही हाताशी होती. तरी पुढच्या दशकात रस्ते भरले ते वेगळ्याच, मुख्यतः आयात सुट्या भागांतून जोडलेल्या ई-रिक्षांनी. चांगली रचना आपोआप पसरत नाही. कर्ज, सुटे भाग, दुरुस्ती आणि कायदा या चौघांची साथ लागते.

मालकीचा प्रश्न

आता माथेरानला जाऊ, कारण चढ आणि बॅटरीचा वाद तिथे थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी. माणसं हातरिक्षातून, माल घोड्यांवरून. हातरिक्षांचे परवाने ९४. न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि पुढे "या रिक्षा नेमक्या कुणाच्या?" यावर भांडण पेटलं. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, असाही आदेश दिला.

त्या निकालात १९८० च्या एका जुन्या निकालाची आठवण आहे: आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य. पंजाबच्या कायद्याने सायकल-रिक्षाचा परवाना फक्त स्वतः चालवणाऱ्या मालकाला द्यायचं ठरवलं होतं. भाड्याची रिक्षा ओढणाऱ्यांचं काय, असा पेच पडला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा रद्द न करता बँकेच्या कर्जातून ओढणाऱ्यांनाच मालक करायची वाट काढली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. पंचेचाळीस वर्षांत पॅडलच्या जागी बॅटरी आली, प्रश्न तोच राहिला. बॅटरी आल्यावर तो जास्त टोकदार होतो. साधी सायकल बिघडली तर स्पोक, चेन, ब्रेकचे रबर थोडक्या पैशांत बदलतात. बॅटरी मात्र काही वर्षांनी पूर्ण बदलावी लागते आणि तो खर्च एकरकमी येतो. तो कुणी करायचा? मालक एक आणि चालवणारा दुसरा असेल, तर अंगावरचं ओझं उतरतं आणि हप्त्याचं किंवा भाड्याचं चढतं.

मग शोधायचं कुठे?

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि हवा खारी. अशा ठिकाणी तारांचे जोड गंजतात, उतारावर ब्रेक लवकर झिजतात, आणि ओझ्याचा मार मागच्या चाकाच्या स्पोकना बसतो. यातलं बरंचसं ज्ञान सायकल दुरुस्तीच्या दुकानात तोंडी असतं. कायदा, शोधनिबंध आणि निकाल ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर मिळतात. दुकानातलं ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही, तर कारागीर थांबला की तेही जातं.

म्हणून विषय निवडताना हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा: हे ओझं आधी कोण वाहायचं? नवं वाहन कुणाच्या नावावर आहे? ते बिघडलं की खर्च कुणाचा? मासळीची पाटी वाहणारी बाई या उत्तरांत कुठे दिसते ते बघा. ती दिसत नसेल, तर तुमचा प्रबंध तिथूनच सुरू करा.