घोंगडीच्या मुलखात स्वेटर

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. गुरांच्या बाजारासाठी ती जशी नावाजलेली, तशीच घोंगड्यांसाठीही. पण ही लोकर इथली नव्हे. शहापूर-मुरबाडचा पट्टा सह्याद्रीच्या पायथ्याचा, भाताचा आणि धो धो पावसाचा. या पावसात मेंढरं तगत नाहीत, म्हणून धनगरांचे कळप दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाआधी घाट चढून परततात. घाटावर धनगरांनी लोकर कातरायची, बायकांनी सूत काढायचं, सणगरांनी ते मागावर विणून चिंचोक्याची खळ द्यायची, आणि मग घोंगडी खाली यायची.

ती विकत घेण्याची ऐपत नसेल तिथे गोधडी. जुन्या लुगड्याच्या घड्या, आत सापडेल ते धडुतं आणि सगळ्यांना एकत्र धरणारा धावदोरा. कपडा मूळचा कुणाचा, कुठल्या मापाचा, हे गोधडी विचारत नाही. जुन्या स्वेटरपासून ऊबदार कपडा करण्याच्या कौशल्याचं कूळ मला या धावदोऱ्यातच दिसतं.

स्वेटर आला शहरातून. 1892 साली बांधून झालेल्या तानसा धरणापासून शहापूरचं पाणी मुंबईला जातं. उलट दिशेने मुंबईचे वापरलेले कपडे कसाऱ्याच्या वाटेने वर येतात. मुंबईत थंडी ती किती? सहलीसाठी घेतलेला स्वेटर कपाटात पडून राहतो आणि मूल वाढलं की नवाकोरा असतानाच जुना होतो. पूर्वी मराठी घरांतून असा स्वेटर उसवून, लोकर धुऊन, धाकट्यासाठी पुन्हा सुयांवर चढवला जाई. यंत्रावर विणलेला स्वेटर असा सहसा उसवत नाही. त्याला कात्रीच लावावी लागते.

आणि कात्री लावणंच अवघड. हे विणकाम म्हणजे एकात एक अडकवलेले फास. एक सुटला की शेजारचे सुटत जातात. म्हणून कापायच्या रेषेच्या दोन्ही अंगांनी आधी सैलसर शिलाई मारून घ्यायची. मोठ्या माणसाची बाही कोपरापासून कापली, तर लहान मुलाच्या पायाला पुरते, मनगटाचा घट्ट काठ घोट्यावर नीट बसतो. खालच्या पट्टीची कानटोपी होते, पाठ-पोटाची बंडी. अस्सल लोकर असेल तर ती गरम पाण्यात साबण लावून चोळावी. तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटून घट्ट होतं आणि कापलं तरी सुटत नाही. ॲक्रिलिकला हा उपाय चालत नाही. शिवाय शेकोटीपाशी ते धोक्याचं, कारण आगीने वितळून कातडीला चिकटतं. त्याला वरून सुती कापड हवंच. सुती कापड वाराही अडवतं. नुसत्या स्वेटरच्या जाळीतून तो आत शिरतो. बाहेर सूत, आत ऊब: गोधडीची हीच रचना आहे.

जगात याच गरजेतून यंत्रंही निघाली. 1813 च्या सुमारास यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढलं. आज तेच काम पानिपतात चालतं आणि आपत्तीच्या वेळी वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं तिथून येतात. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने 1999 पासून शहरी कपडे गावांत पोचवताना आणखी एक गोष्ट साधली: गावाने रस्ता, विहीर असं स्वतःचं काम करायचं आणि कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून घ्यायचे. मला हे फार मोलाचं वाटतं. चेन तुटलेला, मळका स्वेटर पिशवीत कोंबून देणाऱ्याने तो कुणाच्या तरी अंगावर जाणार आहे, एवढं आठवावं. धुऊन, बटण लावूनच द्यावा.

आणि वेळेत द्यावा. इथली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. सगळी थंडी भट्टीशेजारच्या झापात जाते. डिसेंबरात गोळा केलेले स्वेटर पाड्यावर पोचतात, तेव्हा तिथल्या घरांना कुलूप असतं. बंड्या आणि टोप्या शिवायच्या तर त्या भादव्या-आश्विनात, भात कापणीला येण्याच्या सुमारास.