मधल्या हातातला पैसा

‘चेक वटला का?’ असे आपण सहज विचारतो. हे क्रियापद किती जुने आहे, याचा विचार तेव्हा मनात येत नाही. चेक या देशात येण्याच्या कितीतरी आधी येथे हुंडी वटत असे, आणि ती मुदतीआधी वटवून घ्यायची असेल तर सावकार ‘वटाव’ कापून उरलेले रुपये मोजून देई. थांबण्याला भाव होता आणि त्या भावाला नाव होते. गेल्या पावसाळ्यात मी घरातले जुने शिलाई मशीन एका संकेतस्थळावरून विकले. मशीन तिसऱ्या दिवशी खरेदीदाराच्या घरी पोचले, पैसे मात्र पुढचे अकरा दिवस ‘प्रक्रियेत’ राहिले. रक्कम काही मोठी नव्हती. पण खरेदीदाराच्या खात्यातून गेलेले आणि माझ्या खात्यात न आलेले ते पैसे त्या अकरा दिवसांत नेमके कोणाचे होते, हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचा माग काढायचा तर आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

म्हैसूरच्या ग्रंथालयात 1905 साली एक ताडपत्रांची पोथी आली. आर. शामशास्त्री यांनी ती वाचली आणि 1909 साली छापली. शतकानुशतके केवळ नावाने माहीत असलेले कौटिलीय अर्थशास्त्र असे पुन्हा हाती आले. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात ‘अनुशय’ नावाचे एक प्रकरण आहे. अनुशय म्हणजे विकल्याचा किंवा घेतल्याचा पश्चात्ताप. सौदा फिरवण्यासाठी व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री, गुरे पाळणाऱ्याला पाच रात्री, अशी त्यात सवलत आहे. मनुस्मृतीने हीच मुदत सरसकट दहा दिवसांची केली. ‘दहा दिवसांत परत करा’ ही आज नव्या जमान्याची सोय वाटते, पण तिचा पूर्वज हा आहे. फरक इतकाच की अनुशयाचा हक्क घेणाऱ्याला होता तसा विकणाऱ्यालाही होता, आणि त्या नियमात तिसरा माणूस नव्हता. तिसरा माणूस भेटतो तो त्याच अधिकरणातल्या दुसऱ्या प्रकरणात, उपनिधीच्या म्हणजे ठेवीच्या. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू ज्याने वापरली, त्याने देशकाल पाहून ‘भोगवेतन’ द्यावे आणि वर बारा पण दंड भरावा, असे कौटिल्य सांगतो. भोगवेतन हा शब्द आपण जपून ठेवू, पुढे त्याची गरज पडणार आहे. एकीकडे पश्चात्तापाचे दिवस, दुसरीकडे तिसऱ्याच्या हातातली ठेव. या दोन कल्पना एकाच ग्रंथात शेजारी नांदत होत्या, पण त्या एकमेकींत मिसळल्या नव्हत्या. त्याला सुमारे दोन हजार वर्षे जावी लागली.

मधल्या काळात पैशाने स्वतःच प्रवास करणे सोडले आणि त्याच्या जागी कागद फिरू लागला. हुंडीचे शास्त्र मोठे रसाळ आहे. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून आकड्याबरोबर त्याच्या निम्म्याची दुप्पट असेही अक्षरांत लिहीत. हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, पेठही हरवली तर ‘परपेठ’. रक्कम देऊन झालेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणत. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळत ती मुदती. हुंडी करून देण्याची मजुरी म्हणजे हुंडणावळ. आपल्या मागोव्यात महत्त्वाची आहे ती यांच्यातली एक विस्मृत बहीण, जोखमी हुंडी. पश्चिम किनाऱ्यावरच्या गलबतांच्या व्यापारात ती चाले. व्यापारी माल गलबतावर चढवी, माल घेणाऱ्याच्या नावाने हुंडी लिही आणि ती सावकाराला विकून पैसे तिथेच पदरात पाडून घेई. माल सुखरूप पोचला तरच हुंडी देय होई. गलबत बुडाले तर पैसे सावकाराचे बुडत. म्हणजे आज विक्रेत्याला ऐकवली जाते तीच अट, ‘माल पोचल्यावर पैसे’, या हुंडीत होती. फक्त थांबणारा माणूस वेगळा होता. जोखीम आणि दिवस दोन्ही सावकार विकत घेई आणि त्यांची किंमत उघडपणे कापून घेई. इंग्रजांनी 1881 साली परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या या कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना त्यांनी पहिल्याच कलमात मोकळे सोडले. सावकारी शहाणपणाला दिलेली ती एका अर्थी सलामीच होती.

त्याच इंग्रजांच्या कायद्यात ‘एस्क्रो’ नावाची एक गोष्ट होती. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ चर्मपत्राचा तुकडा, गुंडाळी असा. जमिनीचा दस्त तिसऱ्याच्या हाती द्यायचा आणि ठरलेली अट पुरी झाली की त्याने तो पुढे सोपवायचा, एवढाच तिचा व्यवहार. शतकानुशतके ही वकिलांच्या कपाटातली वस्तू होती. चार आण्यांचे पुस्तक विकणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

त्याच्यासाठी टपाल खाते धावून आले. हिंदुस्थानात 1877 साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू झाली. पोस्टमनने पार्सल द्यायचे, पैसे घ्यायचे आणि खात्याने ते पाठवणाऱ्याकडे रवाना करायचे. पुढे 1880 मध्ये मनीऑर्डर पोस्टाकडे आली आणि ही साखळी पक्की झाली. खुद्द ब्रिटनमध्ये हीच सोय यायला 1926 साल उजाडले. आपले गिऱ्हाईक मोठी दुकाने पळवतील या भयाने तिथल्या लहान दुकानदारांनी तिला कडाडून विरोध केला होता. अमेरिकेतही पार्सल टपालातून ही सोय 1913 मध्ये सुरू झाली. वसाहतीने राज्यकर्त्यांना मागे टाकल्याच्या ज्या मोजक्या गोष्टी आहेत, त्यांत ही एक धरायला हरकत नाही. मराठी वाचनसंस्कृतीवर व्ही.पी.चे मोठे ऋण आहे. पुण्या-मुंबईचे पुस्तक आडगावच्या वाचकापर्यंत पोचे ते तिच्यामुळे. माझ्या लहानपणी घरी ‘व्ही.पी. सोडवायला पैसे ठेवा’ हे वाक्य दिवाळी अंकांच्या दिवसांत हमखास कानी पडे. वस्तू जणू कुठे अडकलेली आहे आणि आपण तिला सोडवतो आहोत, अशी ती भाषा होती. पण अडकलेला असे तो पाठवणारा. पार्सल पोस्टात पडून राही, माणूस गावाला गेलेला असे, कधी मन बदललेले असे, आणि ‘व्ही.पी. परत आली’ की जाण्याचे टपालही गेलेले आणि कोपरे चेपलेले पुस्तकही पदरात. अनुशय येथे प्रथमच एकतर्फी झाला. पश्चात्ताप करण्याची मुभा आता घेणाऱ्याला होती, विकणाऱ्याला नव्हती.

जाता जाता बाजार समितीकडे एक नजर टाकू, कारण मधला हात म्हटला की मराठी माणसाला आधी अडत्या आठवतो. माल शेतकऱ्याचा, घेणारा व्यापारी, पैसे अडत्यामार्फत, आणि हिशेब म्हणून हाती पट्टी. राज्याचा बाजार समिती कायदा 1963 चा आहे, आणि शेतकऱ्याचे पैसे 24 तासांच्या आत चुकते व्हावेत असा दंडक आहे. तो पाळला जात नाही म्हणून होणारी आंदोलनेही तितकीच नेमाची आहेत. राज्य सरकारने 2016 मध्ये फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. मधल्या हाताची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्नही लक्षात असू द्यावा.

आता आपण 1995 च्या सप्टेंबरात येऊ. पियर ओमिड्यार याने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे पान सुरू केले, तेच पुढे ईबे झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरना. हा बाजार घरगुती विक्रेत्यांचा होता आणि त्याची रीत आजच्या नेमकी उलट होती. खरेदीदार टपालाने चेक पाठवी, विक्रेता तो बँकेत भरी आणि चेक वटल्यावरच वस्तू बांधायला घेई. थांबण्याची पाळी घेणाऱ्याची होती. मग संगणकावरून पैसे पाठवण्याची सोय देणारे पेपाल आले. ईबेने 2002 साली ते दीड अब्ज डॉलरना विकत घेतले. पैसे क्षणात पोचू लागले, आणि पैसे क्षणात पोचतात म्हटल्यावर ते रोखून धरण्याची युक्तीही सुचली. नव्या किंवा संशयास्पद वाटणाऱ्या विक्रेत्याची रक्कम 21 दिवसांपर्यंत अडवून ठेवण्याचा प्रघात तिथलाच.

पण खरे वळण चीनमध्ये आले. ताओबाओ या नव्या बाजारात कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता. आधी माल की आधी पैसे, यावर गाडी अडे. त्यावर उपाय म्हणून अलीपेची योजना निघाली आणि 18 ऑक्टोबर 2003 रोजी तिचा पहिला सौदा झाला. जपानमधल्या एका विक्रेत्याचा वापरलेला फुजी कॅमेरा शीआनच्या एका विद्यार्थ्याने 750 युआनना घेतला. पैसे ताओबाओकडे राहतील, कॅमेरा मिळाला आणि पसंत पडला की विक्रेत्याला जातील. तरीही त्या विद्यार्थ्याचे मन मध्येच डगमगले आणि त्याला समजावण्यात कंपनीच्या माणसांचा वेळ गेला. त्या 750 युआनांत अनुशय आणि उपनिधी अखेर एकत्र आले. वकिलाच्या कपाटातला एस्क्रो जुन्या कॅमेऱ्यापर्यंत उतरला. घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. फसवणूक झाली की हात चोळत बसण्याचे दिवस त्याच्यापुरते संपले.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ 2000 साली मुंबईत सुरू झाले आणि 2004 मध्ये सुमारे पाच कोटी डॉलरना ईबेने घेतले. त्याच्या ‘पैसापे’ या व्यवस्थेत रक्कम मध्येच थांबे. फ्लिपकार्टने 2010 मध्ये ‘घरपोच रोख’ सुरू केले, म्हणजे व्ही.पी.च पुन्हा जन्मली, फक्त खाकी गणवेश गेला. तोवर मधल्या हातातल्या पैशाला रिझर्व्ह बँकेने हात घातला होता. 24 नोव्हेंबर 2009 च्या आदेशाने मध्यस्थांना हे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळायला बंदी झाली. हे पैसे वेगळ्या खात्यात सांभाळणारी नोडल बँक आली, आणि व्यवहार पुरा झाल्याची सूचना मिळाल्यापासून फार तर तीन दिवसांत विक्रेत्याला पैसे द्यावेत असे ठरले. 17 मार्च 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोडल खात्याच्या जागी थेट एस्क्रो खाते आणले. त्यातले दिवसांचे गणित वाचताना कौटिल्याच्या रात्रींची आठवण होते. माल पोचवण्याची जबाबदारी पेमेंट ॲग्रिगेटरची, म्हणजे पैसे गोळा करून विक्रेत्याला देणाऱ्या मध्यस्थाची, असेल तर माल रवाना झाल्यापासून एक दिवस, विक्रेत्याची असेल तर पोचल्यापासून एक दिवस. मात्र विक्रेत्याशी तसा करार असेल तर परतीची मुदत संपल्यापासून एक दिवस. सगळी मेख या शेवटच्या वाक्यात होती. करार कोण लिहितो आणि कोण नुसते ‘मान्य’वर बोट ठेवतो, हे सांगायला नको. त्याच तत्त्वांत आणखी एक तरतूद होती. खात्यात सदैव शिल्लक राहणारा जो गाभा असतो, तो 26 पंधरवड्यांच्या हिशेबाने काढून त्यावर व्याज घेण्याची मुभा ॲग्रिगेटरला होती. हे भोगवेतनच आहे, पण त्याची दिशा फिरलेली आहे. कौटिल्याकडे ठेव वापरणारा ते देत असे.

या लांब रस्त्याचे आजचे टोक पाहायला आपण ब्रिटनला जाऊ. तिथल्या माळ्यांवरच्या, गॅरेजांतल्या वस्तू विकणाऱ्या खासगी विक्रेत्यांकडून ईबेने ऑक्टोबर 2024 पासून विक्रीशुल्क घेणे थांबवले. पाठोपाठ फेब्रुवारी 2025 मध्ये खरेदीदाराकडून संरक्षण शुल्क घ्यायला सुरुवात झाली आणि विक्रेत्याची रक्कम माल पोचल्यानंतर दोन दिवसांपर्यंत रोखली जाऊ लागली. लिथुएनियातून निघालेल्या व्हिंटेडने जुन्या कपड्यांच्या बाजारात हीच घडी आधी बसवली होती, वस्तू हाती आल्यावर दोन दिवस तक्रारीचे, मग पैसे. अडत घेणाऱ्याकडे गेली, जशी आपल्या भाजी मंडईत गेली होती. विक्रेत्याला शुल्क माफ झाले, पण त्याचे दिवस गेले.

सर्वांत जास्त ओरड झाली ती बारीकसारीक विकणाऱ्यांची. जुनी पोस्टकार्डे, नाणी, टपालतिकिटे, बटणे विकणारी ही माणसे. दोन-तीन पौंडांची वस्तू माग काढता येणाऱ्या टपालाने पाठवणे त्यांना परवडत नाही, कारण वस्तूपेक्षा टपालच महाग पडते. ती साध्या पाकिटातून जाते आणि पोचल्याची खूण कुठेच उमटत नाही. अशा वेळी रक्कम 14 दिवसांपर्यंत अडकू शकते, आणि पुढच्या पाकिटांची तिकिटे तोवर खिशातून घ्यावी लागतात. विकलेल्या वस्तूच्या पैशातून दुसरी आणायची, असे ज्याचे आठवड्याचे चक्र आहे, त्याचे चक्र एका नियमाने दोन आठवड्यांचे होते. चौदा दिवसांची ही हुंडी वटवून देणारा सावकार त्याला कुठे सापडत नाही, कारण तिच्यावर वटावच ठरलेला नाही.

त्या देशातल्या पोस्टाच्या खिडकीवर मागितला तर पत्र टाकल्याचा दाखला फुकट मिळतो. त्यावर पत्ता असतो आणि त्या दिवसाचा शिक्का. ही माणसे तो न चुकता मागून घेतात. वस्तू निघाली एवढे तो सांगतो, पोचली हे सांगत नाही, म्हणून पैसे सुटण्यासाठी त्याचा उपयोग नसतो. तरीही तो घडी घालून डब्यात ठेवला जातो, आणि कॅलेंडरवर चौदावा दिवस पेन्सिलीने खुणावला जातो.