दावणीचा हिशेब

मागच्या भागात आपण ब्रासटॅक्सबद्दल बोललो. १९८६-८७ च्या हिवाळ्यात राजस्थानच्या वाळूत झालेला तो प्रचंड युद्धसराव. आज त्याच वाळूत थोडं अजून थांबायचं आहे. रणगाडे परत गेले, आमची तुकडी मात्र बाडमेर भागात राहिली, आणि त्या वर्षी पाऊस आलाच नाही. १९८७ चा दुष्काळ. मी तेव्हा कॅप्टन होतो, वय सव्वीस.

आमच्या ठाण्याजवळच्या ढाणीत एक म्हातारे बाबा होते. एके दिवशी सकाळी पाण्याचा टँकर घेऊन गेलो, तर ते गोठ्यात उभे होते. त्यांनी गाईच्या कपाळाला कुंकू लावलं, पाठीवरून हात फिरवला आणि दावं सोडलं. गाय जाईना. दोन पावलं गेली आणि परत फिरली. बाबांनी पाठ वळवली आणि घरात गेले.

नंतर चहा पिताना त्यांनी मला मारवाडचं एक गणित सांगितलं. धान्य पिकलं नाही तर तो अन्नकाल. पाणी नाही तर जलकाल. चारा नाही तर तृणकाल. आणि तिन्ही एकदम आले की त्रिकाल. मी ऐकत राहिलो. ज्या समाजाने चाऱ्याच्या टंचाईला वेगळं नाव ठेवलं, त्याने जनावराला घरातलं माणूस म्हणूनच मोजलं होतं. आपण मराठीत सगळ्याला एकच 'दुष्काळ' म्हणतो. शब्द कमी पडतो असं मला त्या दिवशी वाटलं, कारण मी स्वतः एका तृणकालातून आलो होतो.

माझं गाव माणदेशात, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला. १९७२ साली मी अकरा वर्षांचा होतो. आमच्याकडे खिल्लार जोडी होती, मान्या आणि कोसा. एक शेळी, आणि टिप्या नावाचा कुत्रा. सलग पाऊस हुकत आला होता. ७२ चा पावसाळा गेला तेव्हा गंजीतला कडबा संपत आला होता आणि कणग्या रिकाम्या होत्या. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची. तिची भाकरी थापताना फुटायची, आई पाण्याचा हात लावून लावून थापायची. माझे चुलते फौजेत शिपाई होते, त्यांची मनिऑर्डर आली की त्या आठवड्यात घरात तेल दिसायचं.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा, आई आणि माझी चौदा वर्षांची आक्का पाझर तलावाच्या कामावर जायचे. हजेरीपटावर आक्काचं वय वाढवून लिहिलेलं होतं. आप्पा खणायचे, आई आणि आक्का पाट्या टाकायच्या. राज्यभर हेच चित्र होतं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. इतिहासात इतक्या मोठ्या संख्येने माणसांना काम देऊन जगवल्याची उदाहरणं फार नाहीत. ज्यां द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी त्याची मुद्दाम दखल घेतली आहे. याच धामधुमीतून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हे श्रेय द्यायलाच हवं, आणि मी देतो.

पण मजुरी माणसाला मिळत होती. बैलाला नाही.

इथे जरा मागे जाऊ या. १८७६ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल नावाचे अधिकारी १८७७ च्या सुरुवातीला कलकत्त्याहून दक्षिणेत आले. या टेंपलसाहेबांची गंमत पाहा. तीन वर्षांपूर्वी बंगाल-बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून प्रचंड तांदूळ आणला आणि माणसं वाचवली. त्याबद्दल त्यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. त्यामुळे दक्षिणेत ते असे काटेकोर झाले की कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड, एवढ्यात भागवा म्हणाले. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला! आमच्या मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. पुढे १८८० मध्ये स्ट्रेची यांच्या आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या.

त्या संहितांचं श्रेय असं की दुष्काळ हा कागदावर आला. जनावरांसाठी राखीव जंगलं चराईला खुली करण्यासारख्या तरतुदीही त्यात होत्या. पण कागद आणि गोठा यांत अंतर राहतंच. १८९९-१९०० चा तो कुप्रसिद्ध छप्पनिया, विक्रम संवत १९५६ चा म्हणून छप्पनिया, त्यात गुजरातेत आणि मारवाडात गुरांचा खच पडला. बाडमेरचे बाबा त्याबद्दल असे बोलत होते जणू स्वतः पाहिलाय. त्यांच्या आजोबांनी पाहिला होता.

मी फौजी माणूस, मला रसदेचा हिशेब कळतो. फौजेत खेचराचंही रेशन ठरलेलं असतं, किती दाणा, किती चारा, सगळं लेखी. शेतकऱ्याच्या बैलाचं रेशन मात्र शेतकऱ्याच्या ताटातून जातं. त्यात दुष्काळात एक विचित्र गोष्ट होते. धान्य महाग होतं आणि त्याच वेळी बैल स्वस्त होतात, कारण सगळे एकदम विकायला काढतात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या पुस्तकात आफ्रिकेतल्या पशुपालकांबद्दल हेच दाखवलं आहे. जनावर देऊन धान्य घ्यायला गेलेला माणूस दोन्हीकडून मार खातो. मी ते पुस्तक कर्नल झाल्यावर वाचलं. आप्पांना ते म्हसवडच्या बाजारात कळलं होतं.

त्यांनी मान्याला विकलं. छावणी होती, पण लांब. आणि जनावरांबरोबर घरचं एक माणूस तिथे राहायला हवं, म्हणजे एकाची मजुरी बुडणार. आप्पांनी हिशेब केला. एकाच्या पैशातून दुसऱ्याचा कडबा. बाजारातून आले ते रिकामं दावं खांद्यावर टाकून. आईने काही विचारलं नाही. कोसा त्या रात्री हंबरत होता.

आता टिप्याबद्दल. हे मी आजवर कुठे सांगितलं नाही. बैलाला निदान छावणी होती, कुत्र्याला कुठल्याच संहितेत जागा नव्हती. आप्पांनी त्याला एकदा सायकलवरून दूर माळावर सोडलं, तो तिसऱ्या दिवशी परत आला. कामावर सुकडी मिळायची. आक्का तिच्यातली अर्धी न खाता पदरात बांधून घरी आणायची, संध्याकाळी माझ्यासाठी. मी ती घ्यायचो, खातो म्हणायचो आणि गोठ्यामागे टिप्याला घालायचो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण नंतर मी 'भूक लागली' म्हणून आणखी मागायला लागलो, आणि ती आणायला लागली. एका दुपारी पाटी डोक्यावर असतानाच ती बांधावर कोसळली. आप्पांनी तिला पाठीवर घरी आणलं. मी टिप्याला घेऊन ओढ्यात लपलो.

आक्का आता इंदूरला असते, नातवंडांत. गेल्या दिवाळीत मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच म्हाईत हुतं. कुत्र्याच्या मिशीला पीठ लागलेलं असायचं." मग ती शेव तळायला आत गेली. मी बराच वेळ बाहेर बसून होतो.

२०१९ मध्ये माणदेशात पुन्हा छावण्या लागल्या. मी निवृत्त होऊन गावी होतो, बघायला गेलो. बायका-पोरं जनावरांशेजारी ताडपत्रीखाली राहत होती, चूल तिथेच, अभ्यास तिथेच. मोठ्या जनावरामागे, लहान जनावरामागे असं अनुदान ठरलेलं, रोजच्या नोंदी. व्यवस्था १९७२ पेक्षा कितीतरी बरी, हे मान्य. एका ताडपत्रीच्या दोरीला कुत्रं बांधलेलं होतं. मी त्या घरच्या मुलाला विचारलं, याला काय घालता? तो आईकडे बघायला लागला. मी विषय बदलला.

१९७३ च्या जूनमध्ये पाऊस आला. माणसं नाचली वगैरे तुम्ही ऐकलं असेल, आमच्याकडे कुणी नाचलं नाही. पेरायचं कशानं हा प्रश्न होता, कारण निम्म्या गावाकडे एकेकच बैल उरला होता. मग लोकांनी वारंगुळा केला. तुझा एक, माझा एक, आज तुझं रान, उद्या माझं. आमच्या कोशाच्या जोडीला शेजारच्या तात्यांचा काळा बैल आला. तो बुटका, कोसा उंच. जू एका बाजूला कलायचं आणि पाभर तिरकी जायची. त्या वर्षी आमच्या रानातली बाजरी वाकड्या ओळींत उगवली. टिप्या बांधावर बसून सगळं बघत होता.